ग्रीन कार्ड आले. आता जुन्या कागदांचे काय?

आखातात नोकरी केलेल्या माणसाच्या घरी कागदांची एक ब्रीफकेस असतेच. रद्द झालेले पासपोर्ट, अरबीत छापलेले करारनामे, कंपनीची पत्रे, घरी पैसे पाठवल्याच्या पावत्या, सारे तीत सापडते. सापडत नाही तो इकामा. नोकरी संपवून कायमचे परतताना तो तिकडेच जमा करावा लागे. त्यामुळे आपल्या घरांत एक समजूत पक्की बसली आहे. परदेशाचा नवा कागद मिळाला की जुना सरकारला परत करायचा, आणि जो करत नाही तो विमानतळावर अडकतो.

आता त्याच घरांतली मुले-मुली अमेरिकेत स्थायिक होत आहेत. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून, मुंब्रा-भिवंडीतून, पुणे-औरंगाबादेतून गेलेली ही पिढी तिकडे कायम रहिवासी होते, पुढे नागरिक होते आणि मग अम्मी-अब्बांनाही बोलावून घेते. आम्हांला उर्दू आणि मराठी दोन्ही येत असल्याने निकाहनामे व शाळेचे दाखले इंग्रजी भाषांतरासाठी आमच्याकडे येतात, आणि त्यांच्याबरोबर प्रश्नही येतात. पासपोर्टमधला जुना व्हिसा आता रद्द करून घ्यायचा का? आय-९४ नावाचा कागद विमानतळावर द्यायचा की ठेवायचा? कार्ड आल्यावर आधीची फाइल टाकून दिली तर चालेल का?

या प्रश्नांचे मूळ एकच आहे. दाखवायचा कागद आणि जपायचा कागद हे दोन वेगळे असतात, हा फरक कोणी समजावून सांगितलेला नसतो. कार्ड मिळाल्यावर जुने कागद अधिकाऱ्यापुढे ठेवायचे नाहीत. पण ते फेकायचेही नाहीत.

कार्डाविषयी थोडे सांगतो. त्याचे अधिकृत नाव ‘कायम रहिवासी कार्ड’, फॉर्म क्रमांक आय-५५१. १९४० च्या दशकाच्या शेवटी निघालेले पहिले कार्ड खरोखर हिरवे होते, म्हणून ‘ग्रीन कार्ड’ हे नाव पडले. पुढे ते निळसर झाले, आणखी रंग बदलले, तरी नाव टिकले. २०१० मध्ये सरकारने ते पुन्हा हिरवे केले. साधारणपणे त्याची मुदत दहा वर्षे असते. लग्नाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच जोडीदारामुळे हा दर्जा मिळाला असेल, तर पहिले कार्ड फक्त दोन वर्षांचे आणि सशर्त असते. ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अर्ज करावा लागतो. आपल्याकडच्या नवविवाहित मुलींच्या बाबतीत हेच कार्ड बहुतेकदा असते, आणि मुदतीची तारीख सासर-माहेरच्या धावपळीत विसरली जाते. ती घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

कार्डाकडे जाण्याच्या वाटा दोन. काही जण भारतातून स्थलांतरित व्हिसा घेऊन जातात. त्यांच्या मुलाखती मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत होतात. काही जण आधीच अमेरिकेत शिक्षण किंवा नोकरीच्या व्हिसावर असतात आणि तिथेच अर्ज करून दर्जा बदलून घेतात. दोघांचे जुने कागद वेगळे, अडचणीही वेगळ्या.

भारतातून जाणाऱ्याला पासपोर्टमध्ये एक व्हिसा चिकटवून मिळतो. त्याची मुदत बहुधा सहा महिने असते. त्या मुदतीत अमेरिकेत पाऊल ठेवले की तिथला अधिकारी त्या पानावर तारखेचा शिक्का मारतो, आणि तेच पान त्या दिवसापासून एक वर्ष तात्पुरते ग्रीन कार्ड म्हणून चालते. प्लास्टिकचे कार्ड नंतर टपालाने घरी येते. निघण्यापूर्वी स्थलांतरित शुल्क ऑनलाइन भरलेले नसेल तर ते कार्ड तयारच होत नाही, म्हणून जायच्या आधीच ते भरून टाकावे.

खरी घबराट होते ती याच वर्षात. समजा, अम्मी मार्चमध्ये अमेरिकेत गेल्या, कार्ड अजून आलेले नाही, आणि सप्टेंबरमध्ये घरातल्या लग्नासाठी भारतात आल्या. परत जाताना मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरचा तरुण व्हिसाची छापील तारीख पाहतो आणि म्हणतो, व्हिसा संपला आहे. तारीख संपलेली असतेही. पण आता ती तारीख पाहायचीच नसते, शिक्क्याची तारीख पाहायची असते. व्हिसावरच छापलेले असते की प्रवेशाच्या शिक्क्यानंतर हे पान एक वर्ष कायम रहिवासाचा पुरावा आहे. शांतपणे ती ओळ आणि शिक्का दाखवावा, वरिष्ठांना बोलावण्याची विनंती करावी. विमान कंपन्या इतके तपासतात याला कारण आहे. योग्य कागद नसलेला प्रवासी नेला तर दंड त्यांना होतो. त्या मुलावर चिडून उपयोग नाही.

मधल्या काळात पासपोर्ट नवा करून घेतला असेल, तर शिक्क्याचे पान जुन्या पासपोर्टात राहते. अशा वेळी दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे. प्लास्टिकचे कार्ड हाती आल्यावर मात्र त्या पानाचे काम संपले. तेव्हापासून चालू भारतीय पासपोर्ट आणि कार्ड एवढेच हातात असावे.

आता दुसऱ्या वाटेने आलेले. यांची फाइल जाड असते. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसाचे शिक्के, प्रत्येक मुदतवाढीचे मंजुरीपत्र, काम करण्याचे परवाना कार्ड, अर्ज प्रलंबित असताना बाहेर जाऊन परत येण्यासाठी घेतलेले ‘ॲडव्हान्स पॅरोल’ नावाचे पत्र, आणि आय-९४.

सर्वांत जास्त गोंधळ या आय-९४ चा. ही येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांची नोंद. पूर्वी पासपोर्टात एक लहान पांढरे कार्ड स्टेपल करून देत आणि देश सोडताना ते परत द्यावे लागे. दिले नाही तर माणूस गेलाच नाही, मुदत उलटून राहिला, असे नोंदीत दिसे. भीती तिथूनच आली. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांची ही नोंद संगणकावर होते आणि कागद सहसा मिळत नाही. मुदतवाढीच्या मंजुरीपत्राच्या तळाशी मात्र कापून घेण्यासारखा आय-९४ अजूनही छापलेला असतो, आणि अनेकांच्या पासपोर्टात तो स्टेपल केलेला आढळतो.

कायम रहिवासी झालेला माणूस पाहुणा राहत नाही. त्याच्यासाठी आय-९४ लागू नाही, आणि पुढच्या प्रवासात त्याला नवा मिळतही नाही. म्हणून पहिल्यांदा बाहेर पडण्यापूर्वी तो कागद पासपोर्टातून काढावा आणि घरच्या फाइलमध्ये ठेवावा. जुने पांढरे कार्ड पासपोर्टात राहून गेले आणि विमान कंपनीच्या माणसाने मागितले, तर द्यायला हरकत नाही, पण झेरॉक्स आधीच काढलेली असावी. संगणकावरची नोंद सीमा सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून पाहता येते. तिचीही एक प्रत छापून फाइलला लावावी.

पासपोर्टातला एच-१बी किंवा पर्यटक व्हिसा अजून दोन-चार वर्षे चालू दिसत असला, तरी तो पुढे करायचा नाही. रांगेत कार्डच द्यायचे. एकाच वेळी आपण कायम रहिवासी आणि पाहुणे दोन्ही असू शकत नाही. अधिकाऱ्याने जुन्या व्हिसावर ‘रद्द’ असा शिक्का मारला तर घाबरू नये, त्याने कार्डाला काही होत नाही. आपण स्वतः मात्र त्यावर रेघा मारू नयेत आणि पान तर मुळीच फाडू नये. पान फाडलेला भारतीय पासपोर्ट म्हणजे खराब केलेला पासपोर्ट, आणि ती वेगळीच आफत. ॲडव्हान्स पॅरोलचे पत्र आणि कामाचे परवाना कार्डही पाकिटातून काढून फाइलमध्ये ठेवावे. बाहेरदेशी असतानाच कार्ड मंजूर झाल्याची बातमी आली, तर कोणता कागद घेऊन परतायचे हे वकिलाला विचारूनच ठरवावे. तिथे शेजाऱ्याचा अनुभव कामाचा नाही.

एक जुना कागद बदलून घ्यायलाच हवा, तो म्हणजे सोशल सिक्युरिटीचे कार्ड. तात्पुरत्या व्हिसावर मिळालेल्या कार्डावर ‘फक्त परवानगी असेल तरच कामासाठी वैध’ अशा अर्थाची ओळ असते. कायम रहिवासी झाल्यावर त्या कार्यालयात जाऊन ती ओळ नसलेले नवे कार्ड मागावे. नंबर तोच राहतो.

फाइल का जपायची?

ग्रीन कार्ड हा मुक्काम नव्हे. बहुतेकांना पाच वर्षांनी, अमेरिकी नागरिकाशी विवाह होऊन त्याच्यासोबत राहत असल्यास तीन वर्षांनी, नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. त्या अर्जात मागच्या पाच वर्षांतला प्रत्येक परदेश प्रवास तारखेसह लिहायचा असतो. पाच वर्षांपैकी निदान तीस महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असावे लागते. आता अमेरिकेतून बाहेर पडताना शिक्का मारत नाहीत, आत येतानाही अनेकदा मारत नाहीत. मग तारखा आणायच्या कुठून? भारतीय विमानतळावरचे शिक्के, जुने पासपोर्ट, बोर्डिंग पास यांवरून. नव्या पासपोर्टाबरोबर कोपरा कापून परत मिळालेला जुना पासपोर्ट मुलांना खेळायला देणाऱ्या घरांना आम्ही एवढेच सांगू.

दुसरे असे की नागरिकत्वाच्या मुलाखतीत अधिकाऱ्यापुढे आपला जुना अर्जही असतो. तेव्हा काय लिहिले होते आणि आता काय सांगता, हे तो पडताळून पाहतो. आधीचे लग्न, तलाक, प्रत्येक अपत्याचे नाव, मग ते गावी आजीजवळ वाढत असले तरी, सारे पहिल्या अर्जात लिहिलेले असायला हवे आणि त्याची प्रत आपल्याजवळ हवी. भरलेले अर्ज एजंटकडे राहिले आणि एजंटचे दुकानच बंद झाले, अशी तक्रार आमच्या कानावर एकदा नव्हे, अनेकदा आली आहे. तिकडे कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार फक्त वकिलाला किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीला असतो. फॉर्म भरून देणाऱ्या कोणालाही नसतो. कोरे फॉर्म सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळतात.

भाऊ-बहिणींसाठी केलेल्या अर्जांत तर भारतीयांना पंधरा वर्षांहूनही अधिक वाट पाहावी लागते. अर्ज केला तेव्हा मूल बालवाडीत असते, नंबर लागतो तेव्हा ते पदवीधर झालेले असते. इतक्या वर्षांपूर्वीची पावती आणि मंजुरीपत्र जपणारे घर आणि हरवणारे घर यांतला फरक त्या वेळी कळतो.

नावाचा घोळ

आता आमच्या रोजच्या कामाशी जोडलेली गोष्ट. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव एकदा लिहिले गेले की ते दाखल्यावर, दाखल्यावरून पासपोर्टवर आणि पासपोर्टवरून अमेरिकेत जाते. ‘शेख’ हे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिलेले आम्ही एकाच घरात पाहिले आहे. वडील एका स्पेलिंगने, मुलगा दुसऱ्या. ‘मोहम्मद’ कुठे पूर्ण, कुठे दोन अक्षरांत, कुठे चार. मुलींच्या नावापुढचे ‘बी’ किंवा ‘बानो’ एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. जून महिन्यात प्रवेशासाठी आलेल्या पालकांना आम्ही स्पेलिंग वाचून दाखवतो, तेव्हा अनेक जण म्हणतात, लिहा काहीही, चालतंय. इथे चालते, तिथे चालत नाही.

पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांची अडचण याहून मोठी. समजा, पासपोर्टात केवळ ‘आमिना’ एवढेच नाव आहे. अमेरिकी व्हिसावर ते आडनावाच्या जागी जाते, आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही तीन अक्षरे छापली जातात. अर्थ, पहिले नाव अज्ञात. मग बँकेत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत त्या बाईंना ‘फनू’ म्हणून हाक मारतात. हसण्यावारी नेले तरी प्रत्येक कागदावर तेच नाव पुढे सरकत राहते. म्हणून स्थलांतरित व्हिसाचा अर्ज करण्यापूर्वीच भारतीय पासपोर्टात आडनाव घालून घ्यावे. त्या वेळी राहिले असेल तर तिकडच्या न्यायालयातून नाव बदलून घेता येते, किंवा नागरिकत्व घेताना अर्जातच तशी मागणी करता येते. तोवर विमानाचे तिकीट पासपोर्टवरच्या नावाशी जुळेल असेच काढावे, आणि रिकाम्या रकान्याच्या जागी काय लिहायचे हे त्या विमान कंपनीलाच विचारावे.

विवाहित स्त्रियांचेही तसेच. शरीअतने निकाहनंतर नाव बदलायला सांगितलेले नाही, पण आपल्याकडे वडिलांच्या जागी पतीचे नाव आणि आडनाव लावण्याची रीत आहे. कार्ड माहेरच्या नावाचे आणि नूतनीकरण केलेला पासपोर्ट सासरच्या नावाचा, असे झाले तर प्रवासात दोन्ही नावे जोडणारा कागद बरोबर लागतो. तो म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा निकाहनामा. निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर सोबत हवे. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचे असते. ‘संपूर्ण’ म्हणजे काझीसाहेबांच्या शिक्क्यातली अक्षरेसुद्धा, मेहेरची रक्कमसुद्धा. सारांश चालत नाही. आम्ही तर म्हणू, पासपोर्टाचे नूतनीकरण करताना नाव बदलण्याची घाईच करू नये. कार्डावर जे नाव आहे तेच पासपोर्टवर राहू द्यावे.

कार्ड आल्या दिवशी चष्मा लावून नाव, जन्मतारीख आणि रहिवासी झाल्याची तारीख तपासावी. चूक सरकारची असेल तर आय-९० अर्जाने ती विनाशुल्क दुरुस्त होते. मुलांचे कार्ड चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर तीस दिवसांत याच अर्जाने बदलून घ्यायचे असते. अठरा वर्षांवरील व्यक्तीने कार्ड सतत जवळ बाळगावे असा कायदा आहे.

अम्मी-अब्बांचे कार्ड

सर्वांत नाजूक प्रश्न आई-वडिलांचा. एकवीस वर्षांवरील नागरिक मुलगा किंवा मुलगी त्यांना बोलावू शकते, आणि या वर्गात रांगेचे बंधन नसल्याने काम तुलनेने लवकर होते. मुलांच्या मनात प्रेम असते. पण अब्बांचा जीव गावातल्या घरात, आमराईत, जमातीच्या कामात गुंतलेला असतो. तिकडे हिवाळा सोसत नाही. दोन-तीन महिने राहून ते परततात आणि मग इथेच राहतात.

येथे एक चुकीची समजूत फार पसरली आहे. दर सहा महिन्यांनी एकदा अमेरिकेत जाऊन आले की कार्ड सुरक्षित राहते, असे लोक मानतात. ही समजूतही बहुधा आखातातूनच आली असावी. तिकडे अमिरातीसारख्या देशात सहा महिने बाहेर राहिले की रहिवास संपतो, त्यामुळे एकदा जाऊन शिक्का मारून येण्याची सवय लागली. अमेरिकेचा हिशोब वेगळा आहे. तुमचे खरे घर कुठे आहे, हे ते पाहतात. १८० दिवसांपेक्षा अधिक बाहेर राहिल्यास प्रश्न जास्त विचारले जातात. एक वर्ष किंवा अधिक झाले तर एकटे कार्ड परतीसाठी चालत नाही. पण त्याहून कमी राहिलात, तरी वर्षानुवर्षे फक्त पाहुण्यासारखे जाऊन येत असाल, तर अधिकारी हरकत घेऊ शकतो. तिथला पत्ता, बँक खाते, भरलेले आयकर विवरण, वैद्यकीय विमा अशा गोष्टी तेव्हा कामी येतात. कायम रहिवाशाला भारतातल्या घरभाड्यासह सगळ्या जगातले उत्पन्न अमेरिकी विवरणात दाखवावे लागते. कर वाचवण्यासाठी त्यात स्वतःला अनिवासी म्हणवून घेतले, तर ते कार्डाच्या विरोधात जाऊ शकते.

आजारपण, जमिनीचा दावा किंवा अन्य कारणाने वर्षापेक्षा जास्त राहावे लागेल असे आधीच दिसत असेल, तर अमेरिका सोडण्यापूर्वी पुनर्प्रवेश परवाना मागावा. अर्ज आय-१३१. साधारणपणे तो दोन वर्षांचा मिळतो. अर्ज करताना स्वतः अमेरिकेत असावे लागते, बोटांचे ठसेही तिथेच द्यावे लागतात. गावी येऊन बसल्यावर मुलाने तिकडून भरून चालत नाही.

आणखी एका कागदाची ओळख आई-वडिलांना निघण्यापूर्वी करून द्यावी. आय-४०७ म्हणजे कायम रहिवास स्वेच्छेने सोडल्याचा फॉर्म. लांब मुक्कामानंतर परत आलेल्या वृद्ध जोडप्यापुढे विमानतळावर तो ठेवला जाऊ शकतो. वीस-बावीस तासांचा प्रवास, झोप नाही, इंग्रजी येत नाही, साखरेची गोळी चुकलेली. अशा अवस्थेत माणूस कशावरही सही करतो. त्या सहीची सक्ती नसते. दुभाषा मागता येतो, नम्रपणे नकार देता येतो, आणि मग प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाते. न्यायाधीशाचा निर्णय होईपर्यंत माणूस कायम रहिवासीच असतो. हे एका चिठ्ठीवर इंग्रजी आणि उर्दू किंवा मराठीत लिहून अम्मींच्या पर्समध्ये ठेवावे, खाली मुलाचा फोन नंबर लिहावा.

अर्थात तो फॉर्म वाईट नाही. तिकडे राहायचेच नसेल, तर घरी बसून, मुलांशी बोलून, भारतातून टपालाने तो पाठवता येतो. मग पुढे पर्यटक व्हिसा मागून नातवंडांना भेटायला जाता येते. आमच्या पाहण्यात अशी जोडपी आहेत, जी कार्ड ठेवण्यासाठी म्हणून दर वर्षी प्रकृतीला न झेपणारा प्रवास करतात, कारण मुलांनी खर्च केला आहे, नाही कसे म्हणायचे. मुलांनी एकदा आई-वडिलांना समोर बसवून विचारायला हवे, की तुम्हांला राहायचे कुठे आहे.

माहेरचे बाळंतपण

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत, आणि कार्डधारक मुलगीही त्यासाठी येते. बाळ भारतात जन्मले तर ते भारतीय. मग त्याला नेणार कसे? अनेक घरे यासाठी नवा अर्ज करून मुलाला मागे ठेवण्याच्या तयारीला लागतात. त्याची गरज नसते. कायम रहिवासी आई तात्पुरती बाहेर आलेली असताना जन्मलेले मूल, वयाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधी, बाळंतपणानंतर पहिल्यांदा अमेरिकेत परतणाऱ्या कार्डधारक आई किंवा वडिलांसोबत व्हिसाशिवाय जाऊ शकते, आणि तिथे ते कायम रहिवासी म्हणूनच आत घेतले जाते. मात्र ही सवलत त्या पहिल्या परतीलाच आहे. आई आधी एकटी जाऊन आली आणि नंतर बाळाला नेऊ म्हणाली, तर पंचाईत होते.

यासाठी बाळाचा पासपोर्ट आणि आई-वडील दोघांची नावे असलेला जन्मदाखला हवा. नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बऱ्याचदा बाळाचे नाव लिहिलेले नसते. अकीका झाला, नाव ठेवले, पण नोंदणी कार्यालयात कोणी गेले नाही, असे होते. नाव घातलेला दाखला आधी काढावा, मग पासपोर्ट. दाखल्यावरचे आईचे नाव तिच्या कार्डाशी जुळते की नाही हेही तिथेच पाहून घ्यावे. विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला हा नियम ठाऊक असेलच असे नाही. प्रवासाच्या काही दिवस आधी कंपनीला लेखी कळवून उत्तराची प्रत जवळ ठेवलेली बरी.

कार्डच भारतात हरवले तर पोलिसांत तक्रार नोंदवावी, आणि आय-१३१ए हा अर्ज शुल्क भरून अमेरिकी वकिलातीत द्यावा. तपासणीनंतर ते विमानात बसण्यापुरता एक कागद देतात, तो दाखवून परत जाता येते. त्या वेळी कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो असेल तर काम पुष्कळ सोपे होते. एक प्रत अमेरिकेतल्या घरी, एक गावच्या घरी आणि एक बॅगेत, कार्डापासून वेगळ्या कप्प्यात ठेवावी. नियम आणि शुल्के बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळ एकदा उघडून पाहावे.